गुणी बाळ

रेवाला बघायला जो येई तो पाळण्यात डोकावून हेच म्हणे, "किती गुणी बाळ गं, रडतच नाही." मग कौतुकानं माझ्याकडे बघे आणि मी हसे. मला अभिमान वाटायचा, पण बेतानं. त्या दिवसांत मला सगळंच बेताबेतानं वाटत होतं.

एकच बाई तसं म्हणाली नाही. बेबीआत्या, म्हणजे माझ्या नवऱ्याची, मल्हारची, आत्या. साठी ओलांडलेली, सांगलीच्या गावभागात एकटी राहणारी आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींना भिणारी. पालीला भिणार, लिफ्टला भिणार, चालक नसलेल्या रिक्षात बसणार नाही, पावसाळा लागला की आयर्विन पुलावर पाय ठेवणार नाही. घरात सगळे तिची टर उडवायचे, मी जरा जास्तच. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण मल्हार शाळेत जायच्या आधीच शिकला होता, ती तिच्याकडे बघून.

बारसं आम्ही सव्वा महिन्यानं केलं. मल्हारला बहीण नाही, म्हणून रेवाच्या कानात नाव सांगायचा मान बेबीआत्याचा. तिनं आधी नावावरच कुरकुर केली. "नदीचं नाव कशाला ठेवताय? नदीनं आपलं काय कमी वाटोळं केलंय?" तिला सगळ्यांनी गप्प केलं. ती वाकली, कानात कुर्रर्र केलं, रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले, आणि त्या हसण्याखिदळण्यात पाळण्याला बांधलेला एक फुगा फाटकन फुटला. आत्या दचकून मागं सरकली ती थेट घुगऱ्यांच्या पातेल्यावर. मग काय, हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी.

हसणं ओसरल्यावर ती माझ्या कानाशी आली. आमच्या भागातल्या जुन्या बायका बोलतात तशी ती 'मी आलो, मी गेलो' असंच बोलते.

"गार्गी, मी दचकलो. पोर दचकलं नाही."

"तुम्ही कशालाही दचकता, आत्या."

"तसं नव्हे गं. कानाजवळ फुटला की. तान्हं पोर हात फेकतं, तोंड वेडंवाकडं करतं. हिनं पापणी हलवली नाही."

"शांत आहे ती," माझी आई म्हणाली, आणि आत्याच्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या. "सगळीच पोरं घर डोक्यावर घेत नाहीत."

आत्यानं घुगऱ्या खाल्ल्या नाहीत. जाईपर्यंत ती पाळण्याशेजारी बसून रेवाकडे बघत राहिली.

आता दाण्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यात आलं.

तीन पावसाळे लागोपाठ महापूर आल्यावर सांगलीत एक नवीनच दुखणं पसरलं. पत्र्यावर पाऊस वाजला की माणसं अंथरुणात उठून बसायची. ढग भरून आले की शाळेतली पोरं दप्तर आवरून वर्गाच्या दारात उभी. पाणी कधीच ओसरलं होतं, भीती काही ओसरेना. तेव्हा हा दाणा आला. तांदळाच्या दाण्याएवढाच, गळ्याच्या हाडाखाली कातडीत बसवतात, मुंगी चावल्याएवढं दुखतं. त्याला कंपनीनं दिलेलं एक लांबलचक नाव आहे, पण ते कोणी घेत नाही. "दाणा बसवलास का?" एवढंच विचारायचं.

आपल्या मेंदूत धोक्याची घंटा वाजवणाऱ्या पेशी असतात. ती घंटा उगीच वाजत राहू नये म्हणून मेंदू स्वतःच गाबा नावाचं एक रसायन तयार करतो. ते घंटेचा लोलक हातात धरून ठेवतं. काळजी कमी करणारी जुनी औषधं याच गाबाचा हात बळकट करायची, आणि दाण्यातलं औषध त्याच कुळातलं. गोळी घेतली की ती रक्तात उतरते, गरज असो नसो. दाणा मात्र आधी बघतो. नाडी मोजतो, घाम मोजतो, रक्तातलं ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, मोजतो, आणि घंटा हलायच्या आत लागेल तेवढंच औषध सोडतो.

या कुळाची एक खोड जुनीच आहे. एकटं असताना सभ्य, पण संगत वाईट. दारू, झोपेच्या गोळ्या, जोरकस वेदनाशामकं, खोकल्याची काही औषधं, हे सगळे तोच लोलक धरायला धावतात, आणि सगळ्यांनी मिळून धरला की घंटेबरोबर श्वासही थांबतो. पहिल्याच वर्षी ओळखीतल्या एका लग्नात नवरदेवाचा मामा दाणा बसवलेला असताना हळदीच्या जेवणात पोटभर प्यायला, हसत हसत आडवा झाला आणि उठला नाही. मग कंपनीनं दाणा सुधारला. रक्तात दारू किंवा गुंगीचं दुसरं काही लागलं की दाणा आपलं दार बंद करून घेतो. लोक निर्धास्त झाले. दाणा बघतो ते ज्याच्या अंगात आहे त्याचंच रक्त बघतो, याचा विचार करायला कोणाला सवड नव्हती.

माझ्या आईनं दाणा पहिल्याच फेरीत बसवला. मल्हारनंही. मी बसवला नव्हता, कारण मी कृष्णेच्या पूर नियंत्रण कक्षात इंजिनिअर आहे. काठावरच्या पाणीमापकांचे आकडे बघायचे आणि वेळेवर भोंगा वाजवायचा, हे माझं काम. ड्यूटीवर आम्हाला दाणा चालत नाही. डॉक्टरांना नाही, अग्निशमनवाल्यांना नाही. आम्हाला घाबरायचाच पगार मिळतो, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगायची.

रेवा झाली आणि ती ऐट उतरली. मला झोपच येईना. डोळा लागला की वाटायचं, हिचा श्वास थांबला. उठायचं, नाकाशी बोट धरायचं, ऊब लागली की पुन्हा आडवं व्हायचं, की पुन्हा तेच. त्यात पोर पोटात वारा धरून तासन्‌तास किंचाळायची. तिच्याबरोबर मी रडायची. शेवटी आई म्हणाली, "अगं, रजेवर आहेस ना? मग बसव की दाणा." दवाखान्यात सांगितलं, अंगावर पाजणाऱ्या बायकांना चालतो, दुधात उतरतं ते नावापुरतं, आणि तेवढं बाळाला पचतं. हे सगळं खरं होतं. त्यांनी विचारलं, तुम्हाला किंवा बाळाला दुसरं काही औषध चालू आहे का? मी नाही म्हणाले. शेजारी आई होती, तीही नाही म्हणाली. खोटं कोणीच बोललं नाही.

दाणा बसला त्या दिवशी मी जेवले आणि झोपले. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि स्वयंपाकघरातून सहाणेवर काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. आई गुटी उगाळत होती.

आईची गुटी बघण्यासारखी असायची. वाटीत माझं दूध काढून घ्यायचं आणि त्यात एकेक जिन्नस सहाणेवर फिरवायचा. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, खारीक, बदाम, जायफळ. प्रत्येकाचे वळसे ठरलेले. पोटात वारा धरला तर वेखंडाचा एक वळसा जास्त, झोप नसेल तर जायफळाचा. ही विद्या तिला तिच्या आईनं दिली होती आणि ती मला देणार होती. रेवा रडायची म्हणून तिनं जायफळ वाढवलं. रेवा झोपायला लागली, म्हणून आणखी वाढवलं. "बघ, गुण आला की नाही?" आई म्हणायची. गुटी पाजली की रेवाच्या तोंडाला लग्नातल्या बासुंदीचा वास यायचा. मी मुद्दाम नाक नेऊन तो वास घ्यायची.

घर शांत झालं. पाहुणे म्हणाले, गुणी बाळ.

बारशानंतर थोड्याच दिवसांत परतीचा पाऊस आला. दुपारची वेळ होती. रेवा मांडीवर होती आणि मी तिला दूध द्यायचा प्रयत्न करत होते. ती दोन घोट घ्यायची आणि तोंडात दूध तसंच ठेवून झोपायची. ओठाच्या कोपऱ्यातून ओघळ यायचा, मी पुसायची. तेवढ्यात ऑफिसातून इनामदारांचा फोन आला. ते माझ्या जागी काम बघत होते, साधे सरळ गृहस्थ, जरा शंकेखोर.

"मॅडम, रजेत त्रास देतोय. हरिपूरच्या मापकाचा आकडा सकाळपासून हललेला नाही. वर पाऊस चांगला चाललाय. नदी स्थिर धरायची का?"

मी हसलेच. हे आमच्याकडे नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवतात. "इनामदार, पाऊस पडतोय आणि आकडा हलत नाही? मग नदी शांत नाही. मापक गाळात अडकलाय. त्याच्याकडे बघूच नका. डोळे असलेला माणूस पाठवा काठावर."

"पाठवतो," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी ओठ पुसायला पुन्हा रेवाकडे बघितलं, आणि आत्ताच बोललेलं वाक्य माझ्या कानात परत आलं. माझा आकडा किती दिवस हलला नव्हता? बारशाच्या आधीपासून. पोर दूध पीत नव्हतं, रडत नव्हतं, दचकत नव्हतं, आणि माझा आकडा शून्यावर.

मी तिचा हात उचलला आणि सोडला. तो मांडीवर पडला, ओल्या रुमालासारखा. तळपायाला नखानं खाजवलं. पाय मागं घेतला नाही. छातीवर नजर ठेवून श्वास मोजले. फार थोडे होते, आणि मध्ये एवढा वेळ जायचा की पुढचा येईल की नाही हे बघत बसावं लागायचं. मी बघत बसले. हे वाईट आहे, हे मला स्पष्ट कळत होतं. परक्या गावातल्या अपघाताची बातमी वाचताना कळतं तसं. 'काळजात धस्स होणं' म्हणजे नेमकं कुठं काय होतं, हे मी आठवून बघितलं. आठवेना.

"आई, रेवा बरी दिसत नाही."

आई आली, तिनं बघितलं, कपाळाला हात लावला. "झोपलीय गं. गार आहे, ताप नाही. झोपू दे."

"श्वास कमी आहेत."

"असतील. बघू संध्याकाळी." आणि ती हसून डाळ निवडायला गेली. माझ्या आईनं मी लहान असताना साध्या शिंकेला रात्र जागून काढली आहे, हे मला माहीत आहे. म्हणून सांगते, ती बाई त्या घरात नव्हती.

मल्हारला फोन केला. तो कारखान्यात होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, शांतपणे म्हणाला, "उद्या दाखवूया का?" मला ते अगदी योग्य वाटलं.

मग मी उठले आणि चहा केला. आलं किसून घातलं. बसून प्यायले. रेवा समोर पाळण्यात होती. कपातल्या चहावर तरंगसुद्धा उठला नाही.

कप विसळताना डोक्यात आलं, नियमाप्रमाणे तरी वागावं. दवाखान्याच्या मदतवाहिनीला फोन लावला. यंत्राचा गोड आवाज आला. बाळाला ताप? नाही. उलटी, जुलाब? नाही. दूध पितंय? थोडं, झोपेतच. मग आवाज म्हणाला, "आईला किती काळजी वाटते, शून्य ते दहा यात सांगा."

मी विचार केला. खोटं कशाला बोलायचं? "शून्य."

"छान. उद्या सकाळी बाळाला घेऊन या."

त्या प्रश्नात चूक काही नव्हती. बाळाचं दुखणं आईच्या आतड्याला आधी कळतं, हा डॉक्टरांचा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव, म्हणून तो घातलेला. माझं आतडं मात्र मी बंद करून ठेवलं होतं. आईचंही बंद, मल्हारचंही. तिन्ही मापक गाळात. आणि काठावर पाठवायला डोळे असलेला माणूस कुठून आणू, असा विचार करताना माझ्यासमोर घुगऱ्या हातात धरून बसलेली आत्या आली.

"आत्या, जरा घरी येता? रेवाला बघायचंय."

"काय झालं?"

"मला काही वाटत नाही. म्हणून तुम्हाला बोलावते."

"मी आलोच," ती म्हणाली.

ती चालक असलेली रिक्षा शोधून आली, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यानं आली. धापा टाकत, पदर ओला, चपला तशाच पायात. पाळण्याशी गेली. रेवाचं तोंड तिनं उजेडाकडे वळवलं. ओठांकडे बघितलं. मी तोवर ओठांकडे बघितलंच नव्हतं, म्हणजे पुसत होते पण बघत नव्हते. ते जांभळट झाले होते.

आत्या ओरडली. मी आयुष्यात तसा आवाज ऐकलेला नाही. खालच्या मजल्यावरचं दार उघडल्याचं ऐकू आलं. आई डाळीचं ताट घेऊन बाहेर आली आणि हसऱ्या तोंडानं म्हणाली, "काय हो, पाल दिसली का?"

आत्यानं रेवाला दुपट्यासकट उचलून छातीशी धरलं आणि पळत सुटली. मी मागं. जिन्याकडे वळेल असं मला वाटलं होतं. ती लिफ्टपाशी थांबली, बटण तीनतीनदा दाबलं, दार उघडताच आत शिरली. लिफ्ट खाली जाताना तिचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि ती मोठ्यानं रामरक्षा म्हणत होती. पण पोर तिनं अशी धरली होती की लिफ्ट तुटली असती तरी रेवाला धक्का लागला नसता.

दवाखान्यात डॉ. नदाफ होत्या. तरुण बाई, चटपटीत. त्यांनी एकदाच रेवाकडे बघितलं आणि धावपळ सुरू झाली. प्राणवायूचा मुखवटा, नळ्या, सुया. आम्हाला बाहेर काढलं. मागून आई आली, मल्हार आला. थोड्या वेळानं नदाफ बाहेर आल्या.

"श्वास मंदावलाय. मेंदूवर गुंगी आहे. बाळाला काही औषध दिलंय का?"

"काही नाही," मी म्हणाले.

"दुसरं काहीही? खोकल्याचं, झोपेचं?"

"काही नाही हो," आई म्हणाली.

नदाफ आत जायला वळल्या, पुन्हा थांबल्या. "तिच्या तोंडाला वास येतोय. गोडसर, मसाल्याचा. तो कसला?"

"गुटीचा," आई म्हणाली. "जायफळाचा असेल. रडायची ना, म्हणून वळसे वाढवत नेले. सकाळ-संध्याकाळ. चांगला गुण आला."

हे ती पुरणपोळीची कृती सांगावी तसं म्हणाली. नदाफ तिच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांची नजर तिच्या गळ्याखालच्या बारीक व्रणावर गेली, मग माझ्या.

"मी औषध विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही औषध विचारलंत," आई म्हणाली. "गुटी घरची असते."

रेवाचा श्वास त्यांच्या ताब्यात आल्यावर नदाफनी मला सगळं समजावलं. जायफळातल्या तेलांना स्वतःची गुंगी असते. बासुंदीतल्या चिमटीनं मोठ्या माणसाला काही होत नाही. पण ती तेलं यकृतातल्या विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, अडकवून ठेवतात, आणि दाण्याचं औषध मोडून बाहेर टाकायचं काम त्याच विकरांचं. तान्ह्या बाळाकडे ती आधीच मोजकी. दुधातून रोज नावापुरतं औषध येत राहिलं आणि बाहेर काही जाईना. तिची छोटीशी घागर थेंबाथेंबानं भरत गेली. "आणि ती रडली की तुमची नाडी वाढायची, तुमचा दाणा जास्त सोडायचा, ते दुधात उतरायचं. गुटी त्याच दुधात उगाळायची. दोन्ही एका चमच्यातून."

"म्हणजे दोन्ही गोष्टी चांगल्याच होत्या," मल्हार म्हणाला.

"एकेकट्या," नदाफ म्हणाल्या. "यापुढे मी औषध काय देता हे विचारणार नाही. बाळाच्या तोंडात काय काय जातं, ते विचारीन."

आम्ही बाहेर बाकावर बसून राहिलो. आत्या माझ्या शेजारी होती. तिचं सगळं अंग कापत होतं, दात वाजत होते. मी नीट बसले होते, ओढणीची घडी घालत.

"तू अशी कशी बसलीस गं?" तिनं विचारलं.

"मला काही वाटतच नाहीये, आत्या. वाटायला पाहिजे, ते कळतंय."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता शिव्या घालणार. तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "असू दे. तुझ्या वाटचं मी भितो. तू बस."

रेवा वाचली. चौथ्या दिवशी तिनं सुई टोचल्यावर पाय झाडला आणि एक बारीक, चिरका आवाज काढला. परिचारिका हसल्या, आत्या जमिनीवर बसून रडली. मला बरं वाटलं. बेतानं.

दाणा एकदम काढता येत नाही. मेंदूला त्याची सवय लागलेली असते, अचानक थांबवलं तर झटके येतात. म्हणून माझा दाणा थोडाथोडा कमी करत नेला. तोवर रेवाला डब्याचं दूध. आई रोज सहाण धुऊन ठेवायची. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं गुटीची पिशवी सोडली आणि मला हाक मारून विचारलं, "आता जायफळ नको ना घालायला?" भाजीत मीठ किती घालू असं विचारावं, त्या स्वरात. मी पिशवी तिच्या हातातून घेतली आणि खाली जाऊन कचऱ्यात टाकून आले. तिला राग आला नाही. तिला काहीच आलं नाही.

मग दिवाळीचा पाडवा आला. खालच्या घरी बासुंदी आटत होती. मी जिन्यात वाळलेले कपडे गोळा करत होते, तेवढ्यात कोणीतरी जायफळ किसलं आणि वास वर आला.

त्या दुपारची भीती मला तेव्हा वाटली. सगळी, एकदम. हातातले कपडे टाकून मी पायरीवर बसले. रेवाचा मांडीवर पडलेला हात, जांभळे ओठ, दोन श्वासांमधली ती जागा, आणि समोर बसून आलं घातलेला चहा पिणारी मी. ती बाई मला दिसली आणि मी तिच्या अंगावर धावून जाऊ शकत नव्हते. मी गुरासारखी ओरडले. आतून रेवा दचकून उठली आणि रडायला लागली.

आई आली. माझ्याशेजारी पायरीवर बसून तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात ऊबदार होता, चेहरा शांत, ओठांवर तेच हसू.

"काय झालं गं? काही झालेलं नाहीये. रेवा बरी आहे."

मी रडत राहिले. बराच वेळ ती हात फिरवत राहिली. मग हात थांबला.

"गार्गी," ती म्हणाली, "तू इतकी रडतेस आणि मला काहीच होत नाहीये. हे बरं नव्हे."

मी मान वर केली.

"माझाही कमी करा म्हणावं डॉक्टरांना."

खरं सांगते, मी नको म्हणाले. तिला माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं की त्या दाण्याच्या पलीकडे तिची कोण वाट बघतंय. मी नुसता चहा प्यायले होते. जायफळ तिनं उगाळलं होतं. साठीच्या उंबरठ्यावरच्या बाईला एवढं कशाला? राहू दे की बापडी हसत. पण मग सहाण आठवली, धुऊन पुसून ओट्यावर ठेवलेली. जिला भीती वाटत नाही तिच्या हाती पोर द्यायचं नाही, हे मला आता कळलं होतं. आणि आईच्या हाती रेवा द्यायचीच नाही, हेही मला जमणार नव्हतं.

शेवटी मीच नदाफना विचारलं. त्या म्हणाल्या, वय आहे, हळूहळू उतरवू. थंडी पडली. आत्या रोज दुपारी येऊ लागली, लिफ्टनं. डोळे मिटून, पण लिफ्टनं. रेवा आता शिंक आली तरी रडायची, कुकरच्या शिट्टीला रडायची, आत्याच्या बांगड्यांना रडायची. शेजारचे म्हणाले, बाळ जरा किरकिरं झालंय का हो? आत्या त्यांना पेढे देत सुटली.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी आई मेथी निवडत बसली होती. वर्तमानपत्रावर पानांचा ढीग, दुसरीकडे देठं. आत्या खिडकीशी, मी रेवाला घेऊन खाली सतरंजीवर. आईचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. मला वाटलं, किडकं पान दिसलं असेल. हात तसाच राहिला. मग तिनं रेवाकडे बघितलं, आणि माझ्या लहानपणची आई माझ्यासमोर बसलेली होती, शिंकेला रात्र जागणारी.

"गार्गी."

"हं."

"मी किती वळसे देत होते गं?"

आत्यानं खिडकीतून मान फिरवली. मी रेवाला उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. "नको," आई म्हणाली, "माझ्याकडे नको देऊस," आणि तिचे हात असे थरथरत होते की तिला धरता येईना. मी खालून माझे हात लावले. दुसऱ्या बाजूनं आत्या येऊन बसली.

एवढी थरथर रेवाला आवडली नाही. तिनं तोंड वेडंवाकडं केलं, दोन्ही हात हवेत फेकले आणि घर दणाणून सोडलं. आमच्या तिघींपैकी कोणीही तिला गप्प केलं नाही.